नवा फ्लॅट: मधे दलाल असला तर आणि नसला तर

महाराष्ट्रात नवा फ्लॅट घ्यायला निघालेल्या बहुतेकांची पहिली समजूत अशी असते की मधला दलाल टाळला की दलाली वाचते. रीसेलच्या घरात ते खरं आहे. तिथे घेणारा आणि विकणारा दोघेही साधारण एक-दोन टक्के मोजतात. नव्या प्रोजेक्टमध्ये दलाली बिल्डर देतो, बहुधा दोन ते चार टक्के, माल अडकलेला असेल तर त्याहून जास्त. हा खर्च बिल्डरने दर ठरवतानाच धरलेला असतो. त्यामुळे तुम्ही थेट गेलात म्हणून कॉस्ट शीटवरचा, म्हणजे बिल्डरच्या किंमतपत्रकावरचा, आकडा आपोआप खाली येत नाही. तुमच्या व्यवहारात वाचलेली दलाली बिल्डरच्या खिशात राहते, आणि ती तुमच्याकडे वळवायची तर मागून घ्यावी लागते. मागायचा हक्क तुम्हाला उरतो की नाही, हे बऱ्याचदा साइट ऑफिसच्या दारातच ठरतं.

दारात पहिल्यांदा एक फॉर्म समोर येतो: नाव, मोबाइल नंबर, बजेट आणि ‘कुठून कळलं?’ नंबरवर ओटीपी येतो आणि तुमची नोंद होते. दलाल सोबत असेल, किंवा त्याने आधीच तुमचा नंबर बिल्डरच्या ॲपमध्ये चढवला असेल, तर तुम्ही त्याचे ग्राहक झालात. याला लीड टॅग होणं म्हणतात. हा टॅग प्रत्येक बिल्डरकडे वेगळ्या मुदतीचा असतो, कुठे ३० दिवस, कुठे ६० किंवा ९०. त्या मुदतीत तुम्ही एकटे गेलात तरी दलाली त्या दलालाच्या नावावर पडते, आणि मग सेल्सवाल्याकडे तुम्हाला द्यायला तितकी जागा राहत नाही. उलटही होतं: आधी एकटे गेलात आणि थेट म्हणून नोंद झाली, तर नंतर कितीही चांगला दलाल भेटला तरी बिल्डर त्याला मान्य करत नाही. मग तो दलालही तुमच्यासाठी धावपळ करत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून प्रॉपर्टीच्या पोर्टलवर सहज नंबर टाकणं महागात पडू शकतं. तो नंबर अनेक दलालांकडे पोहोचतो, आणि त्यातला एखादा तुम्हाला न भेटताच तुमचं नाव चार प्रोजेक्टमध्ये नोंदवून मोकळा होतो. काही बिल्डर नुसती ऑनलाइन नोंद धरत नाहीत, दलालासोबत प्रत्यक्ष साइटवर आल्यावरच टॅग मानतात. हा नियम फोनवर, नाव न सांगता विचारता येतो: ‘लीड किती दिवस टॅग राहते, आणि नोंद ऑनलाइन धरता की भेटीवर?’ प्रश्न ऐकूनच समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक माहितगार आहे.

दलाल कधी घ्यावा, याबद्दल माझं मत सरळ आहे. भाग नवा असेल, प्रोजेक्ट ठरलेला नसेल, आणि एका रविवारी सहा-सात साइट बघून त्यातल्या दोन निवडायच्या असतील, तर चांगला दलाल फार कामाचा. कुठल्या बिल्डरचा मागचा ताबा रखडला, कुठे टँकर येतो, कुठल्या विंगला समोर दुसरा टॉवर येणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. बिल्डरचा सेल्समन स्वतःच्या प्रोजेक्टपलीकडचं बोलणार नाही. पण प्रोजेक्ट आधीच ठरला असेल, तिथे ओळखीचं कुणी राहत असेल किंवा कुणी बुकिंग केलेलं असेल, तर थेट जा, आणि त्या ओळखीच्या माणसाचं नाव पहिल्याच नोंदीत रेफरन्स म्हणून द्या. बऱ्याच बिल्डरांकडे जुन्या ग्राहकाने नवा ग्राहक आणला तर दोघांना काही सवलत असते. ती दलालीपेक्षा कमी असते, त्यामुळे वरचा फरक मागायला जागा राहते.

दलालाचा सल्ला ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिल्डर दलालांना टप्प्याटप्प्याने वाढीव दलाली देतात. महिन्यात ठरावीक फ्लॅट विकले की वरचा अर्धा-एक टक्का जास्त. महिनाअखेरीस एखादा दलाल अचानक एकाच प्रोजेक्टचा आग्रह धरायला लागला तर कारण तिथे असू शकतं. त्याला थेट विचारा की या तीन प्रोजेक्टमध्ये तुम्हाला किती मिळतं. नीट धंदा करणारा दलाल सांगतो.

दलाल नोंदणीकृत आहे का, हे पाहणं दोन मिनिटांचं काम आहे. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय दलालाला प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायला मदत करता येत नाही. महारेराचा, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाचा, एजंट क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, प्रोजेक्टचा ‘पी’ने. २०२३पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. क्रमांक संकेतस्थळावर टाकून नाव आणि मुदत तपासा. प्रोजेक्टची जाहिरात असेल तर १ ऑगस्ट २०२३पासून तिच्यावर क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की थेट प्रोजेक्टचं पान उघडतं.

आणि ‘प्री-लाँच’ किंवा ‘ईओआय’च्या (आधीच इच्छा नोंदवून ठेवण्याच्या) नावाखाली चेक मागितला तर थांबा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असलेल्या प्रोजेक्टची महारेरा नोंदणी होण्याआधी जाहिरात, बुकिंग, विक्री यातलं काहीच करता येत नाही. अशा वेळी पुढे येतो तो बहुतेकदा दलाल, कारण बिल्डरला स्वतःचं नाव कागदावर नको असतं. नोंदणीला वर्ष लागलं तर तुमचे पैसे वर्षभर अडकतात, आणि हातात फ्लॅटचा क्रमांकही नसतो.

किमतीचं बोलणं

कॉस्ट शीट हातात आली की आधी क्षेत्रफळ बघा. सेल्सवाले आणि दलाल दोघेही ‘युजेबल’ किंवा ‘टोटल कार्पेट’ असा आकडा सांगतात, त्यात बाल्कनी मिसळलेली असते. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. ८० लाखांचा फ्लॅट ‘७५० युजेबल’ म्हणून सांगितला तर दर १०,६६७ रुपये चौरस फूट वाटतो. त्यात ७० फूट बाल्कनी असेल तर रेरा कार्पेट ६८०, आणि दर ११,७६५. दोन प्रोजेक्टची तुलना रेरा कार्पेटवरच करायची, बाल्कनी वेगळ्या रकान्यात. करारनाम्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येतं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

मग ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ किंमत फोडून मागा: करारनाम्याची किंमत, जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, आणि ‘इतर’. या इतरमध्ये फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), पार्किंग, क्लब, वीज मीटर, सोसायटी स्थापनेचा खर्च, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, वकिलाची फी असं बरंच काही बसतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. करारनामा ४५ लाखांपर्यंतचा असेल आणि कार्पेट मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, पुण्यासह उरलेल्या महाराष्ट्रात ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर १ टक्का. मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, मुंबईत ६. घेणारी फक्त स्त्री असेल तर त्यात १ टक्का सूट. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

पुण्यातला ८० लाखांचा करारनामा धरला तर जीएसटी ४ लाख, मुद्रांक ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. ‘इतर’ सोडून ८९ लाख ९० हजार. आता सवलत कुठे मागायची, हे या हिशोबातूनच निघतं. करारनाम्याच्या किमतीत १ लाख कमी झाले तर जीएसटीचे ५ हजार आणि मुद्रांकाचे ७ हजार धरून तुमचे १ लाख १२ हजार वाचतात. तेच १ लाख मॉड्युलर किचन किंवा सोन्याच्या नाण्याच्या रूपाने मिळाले तर तेवढ्याचे तेवढेच, तेही बिल्डरने लावलेल्या भावाने. एक मर्यादा आहे: मुद्रांक शुल्क करारनाम्याची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराची, किंमत यातल्या जास्त आकड्यावर लागतं. तेव्हा त्या भागाचा रेडी रेकनर दर आधी बघून ठेवा.

दलालामार्फत जाताना आणखी एक प्रस्ताव येतो. ‘माझ्या दलालीतला एक टक्का तुम्हाला परत देतो.’ ८० लाखांवर ३ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, त्यातले ८० हजार तुम्हाला. ऐकायला बरं वाटतं, पण दलालाला हे पैसे लगेच मिळत नाहीत. तुमचे दहा-वीस टक्के जमा झाले, करारनामा नोंदला गेला, त्याने बिल लावलं, की त्यानंतर कित्येक आठवडे किंवा महिने. तोवर तुमची सही होऊन गेलेली असते आणि त्याला आठवण करून देण्यापलीकडे तुमच्या हातात काही नसतं. बऱ्याच बिल्डरांच्या दलालांशी झालेल्या करारात अशी परतफेड करायला मनाईही असते. त्यामुळे हा प्रस्ताव आला की दलालालाच सांगा, तीच रक्कम बिल्डरकडून करारनाम्याच्या किमतीत कमी करून आणा. चांगले दलाल हे करतात. महिन्याला दहा फ्लॅट देणाऱ्या दलालाचं बोलणं सेल्स हेड ऐकतो, एकट्या ग्राहकाचं तितकं ऐकत नाही. दलालाची खरी किंमत मला इथे दिसते.

थेट जात असाल तर समोरच्या सेल्समनला सवलत द्यायचा अधिकार थोडा असतो. तो ‘सरांना विचारतो’ म्हणत आत जातो, ते खरंच असतं. तुमचा आकडा एकच सांगा आणि सोबत बुकिंगची तयारी दाखवा: ‘ही किंमत झाली तर आज चेक.’ मार्चअखेर, तिमाहीअखेर, पाडवा आणि दसऱ्याच्या आसपास बिल्डर जास्त झुकतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळूनही न विकलेले फ्लॅट असतील तर त्यांवर जीएसटी नाही, आणि बिल्डरचा पैसा त्यात अडकून पडलेला असतो. घासाघीस तिथे सगळ्यात चांगली होते.

बुकिंग फॉर्म भरताना ‘सोर्स’चा रकाना रिकामा सोडू नका. थेट आला असाल तर ‘थेट’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा. हा रकाना रिकामा राहिला तर नंतर कुणाचंही नाव भरता येतं, आणि तुम्हाला न मिळालेली सवलत त्याची दलाली होते.

पैसे आणि कागद

इथून पुढे दलाल आहे की नाही, याने फरक पडत नाही. तपासणी तुम्हीच करायची, आणि शक्य असेल तर स्वतःच्या वकिलाकडून. बिल्डरने दिलेला टायटल रिपोर्ट बिल्डरच्या वकिलाने लिहिलेला असतो. महारेराच्या पानावर मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, जमिनीचे कागद, बोजा, कोर्टातले दावे, नोंदलेल्या एजंटांची नावं आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांची प्रमाणपत्रं असतात. बांधकाम प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंत आहे, ते नीट वाचा. अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकला जातो आणि प्रमाणपत्र बाराव्यापर्यंतच असतं, असं घडतं. सेल्सने सांगितलेली ताब्याची तारीख आणि महारेराच्या पानावरची तारीख यात एक-दोन वर्षांचा फरक सर्रास असतो. पुढे भांडायची वेळ आली तर करारनाम्यात लिहिलेली तारीख चालते.

दलाल कधीकधी ‘जमीनमालकाच्या हिश्श्यातला’ फ्लॅट स्वस्तात दाखवतो. हे बेकायदेशीर नाही. पण तो फ्लॅट नक्की कुणाच्या वाट्याचा, हे विकसन करारात पाहा. जमीनमालक महारेराच्या पानावर प्रवर्तक म्हणून आहे का, पार्किंग कुठलं, आणि करारनाम्यावर बिल्डरही सही करणार का, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या. इन्व्हेस्टरचा बुक केलेला फ्लॅट असेल तर तो जवळजवळ रीसेलसारखा व्यवहार आहे. तिथे दलाली तुमच्याकडूनही मागितली जाते आणि बिल्डरची ट्रान्सफर फी वेगळी.

पैसे दलालाच्या खात्यात कधीही भरू नका, टोकन म्हणूनसुद्धा नाही. १ जुलै २०२४पासून महारेराने प्रत्येक प्रोजेक्टला एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली आहेत. ग्राहकांचे सगळे पैसे पहिल्या, कलेक्शन खात्यात येतात, आणि ७० टक्के जमीन-बांधकामासाठी राखीव खात्यात जातात. चेकवर त्या कलेक्शन खात्याचं नाव हवं. प्रोजेक्टवर बँकेचं कर्ज असेल तर त्या बँकेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र मागा. तुमची गृहकर्जाची बँकही ते मागणारच.

नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेणं रेरा कायद्याच्या तेराव्या कलमाविरुद्ध आहे. ‘२० टक्के भरा, मग ॲग्रीमेंट’ असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगा. अलॉटमेंट लेटर महारेराच्या नमुन्यातलं आहे का बघा. त्या नमुन्याप्रमाणे पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही, १६ ते ३० दिवसांत फ्लॅटच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. दलाल आणि सेल्स दोघेही ‘बुकिंग अमाउंट परत मिळत नाही’ असं तोंडी सांगतात. पत्र वाचलेल्याला तसं सांगणं जमत नाही.

तोंडी आश्वासनांचं तर वेगळंच. समोरचा डीपी रोड, येणारी शाळा, दुसरं पार्किंग, ‘फ्लोअरिंग बदलून देऊ’ असं सगळं बिल्डरच्या अधिकृत ईमेलवरून मागवा. दलालाच्या व्हॉट्सॲप मेसेजवर बिल्डरला धरणं फार अवघड जातं. नियोजित रस्ता महापालिकेच्या विकास आराखड्यात स्वतः पाहावा.

करारनाम्यातला हप्त्यांचा तक्ता जपून वाचा. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आणि ताब्याच्या वेळी शेवटचे ५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. बुक करताना इमारतीचे स्लॅब जवळजवळ पूर्ण असतील, तर करारनाम्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ६० ते ७० टक्के द्यावे लागतात. ज्यांनी हळूहळू वाढणारा हप्ता गृहीत धरलेला असतो, त्यांची इथे ओढाताण होते. बँका ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, त्याहून मोठ्या कर्जासाठी ७५ टक्क्यांपर्यंत देतात, आणि मुद्रांक-नोंदणी या किमतीत धरत नाहीत. वरच्या उदाहरणात ६४ लाख कर्ज मिळालं तर १६ लाख आणि मुद्रांक-नोंदणीचे ५ लाख ९० हजार स्वतःकडे हवेत, जीएसटी आणि इतर खर्च वेगळे. कर्ज मिळवून देतो म्हणणाऱ्या साइटवरच्या एजंटालाही बँकेकडून कमिशन मिळतं, तेव्हा स्वतःच्या बँकेचा व्याजदर शेजारी ठेवून पाहा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारकडे भरायचा आणि बिल्डरला प्रमाणपत्र द्यायचं. हा वेगळा खर्च नाही, बिल्डरच्याच पैशातून जातो. भरायला उशीर झाला तर व्याज आणि दंड मात्र तुमच्यावर. हे काम बिल्डर करतो किंवा दलाल करतो, असं समजून राहणाऱ्यांना नोटिसा येतात.

नोंदणीच्या दिवशी आधार, पॅन, फोटो, चलनाची प्रत घेऊन जा. पहिल्या विक्रीचे करारनामे बऱ्याच मोठ्या बिल्डरांकडे ई-नोंदणीने त्यांच्याच ऑफिसात होतात. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा, काढून नावं, फ्लॅट क्रमांक, विंग, क्षेत्रफळ आणि पार्किंग ताडून पाहा. चूक असेल तर दुरुस्तीपत्र लगेच करून घेतलेलं बरं. ताब्याच्या वेळी ते काम दुप्पट अवघड होतं.

करारनामा नोंदला की दलालाचं काम त्याच्या दृष्टीने संपतं. पुढच्या डिमांड लेटरला, म्हणजे हप्ता मागणाऱ्या पत्राला, तो उत्तर देणार नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये. बिल्डरकडेही सेल्सची माणसं बाजूला होऊन सीआरएम, म्हणजे ग्राहक-संबंध, विभाग येतो. त्याला तुमच्या बोलणीतलं काहीच माहीत नसतं, म्हणून किंमत ठरल्याचे ईमेल जपून ठेवा. ‘फिटआउट’च्या (आतलं फर्निचरचं काम करून घेण्याच्या) नावाखाली ओसीआधी ताबा घेऊ नका. पाणी-वीज तात्पुरती, तक्रार करायला जागा नाही, आणि शेवटचा ५ टक्क्यांचा हप्ता गेलेला, अशी अवस्था होते. ताबा लांबला आणि तुम्हाला थांबायचं असेल, तर रेराच्या अठराव्या कलमाप्रमाणे दर महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. बाहेर पडायचं असेल तर भरलेले पैसे व्याजासह परत.

ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. गळती, भिंतीला तडे, निकृष्ट काम दिसलं की लेखी कळवा. कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं, नाहीतर भरपाई. महारेराकडे तक्रारीची फी ५,००० रुपये आहे, आणि ती तक्रार बिल्डरप्रमाणेच नोंदणीकृत दलालाविरुद्धही करता येते.